चपट्या कृमींचें गोत्र

(नभोवाणीवरील भाषण)



आज मी ज्या प्राण्याविषयीं बोलणार आहें त्याचें नांव काढतांच पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. आपणांपैकीं कोणी जेवणाच्या पाटावर बसून हें भाषण ऐकत असतील, तर त्यांची प्रथमच क्षमा मागतों. विषय आहे चपट्या कृमींचा. हे कृमि कोण, पाठीचा कणा नसलेल्या, म्हणजे अपृष्ठवंश, प्राण्यांच्या अफाट कुळांत त्यांचें नातें कोणाशीं, आणि हें नातें ठरवितांना विद्वानांना अडीचशेंहून अधिक वर्षें केवढी यातायात करावी लागली, याचा हा थोडक्यांत इतिहास आहे. मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु या विषयाशीं माझा एक जुना हिशेब राहून गेला आहे, आणि तो चुकता करावा म्हणूनच मीं तो निवडला आहे.

१९८६ सालच्या पावसाळ्यांतली गोष्ट. मी तेव्हां एका लहान गांवीं सातवीच्या वर्गाला शिकवीत होतों. एके दिवशीं एक मुलगा कांचेच्या बरणींत एक विचित्र जीव घेऊन वर्गांत आला. वीतभर लांब, फितीसारखा चपटा, पाठीवर काळसर रेघा, आणि डोकें पाहावें तर फावड्यासारखें पसरट. तुळशीच्या कुंडीखालीं तो त्याला सांपडला होता आणि त्या वेळीं एका गांडुळाला विळखा घालून खात होता. "गुरुजी, ही जळू कीं गांडूळ?" मुलानें विचारलें. मीं पुस्तक उघडून पाहिलें आणि सांगितलें, "दोन्ही नव्हे, हा चपटा कृमि." येथवर माझें कांहीं चुकलें नव्हतें. पण तेवढ्यावर न थांबतां मीं फळ्यावर एक शिडी काढली. सर्वांत खालच्या पायरीवर स्पंज, त्याच्यावर जेलीमासा, त्याच्यावर चपटा कृमि, मग गोल जंत, मग गांडूळ, मग किडे, मासे, पक्षी, आणि अगदीं वरच्या पायरीवर माणूस. मुलगा बरणी हातांत धरून उभाच होता. तो म्हणाला, "गुरुजी, बाकीचे सगळे पायऱ्या चढून वर गेले, मग हा एकटाच खालीं कां राहिला? आणि हा जर गांडुळाच्या खालचा, तर गांडुळाला खातो कसा?"

वर्ग हंसला. मला उत्तर येत नव्हतें, आणि येत नाहीं असें म्हणण्याचें धैर्यहि नव्हतें. "पुस्तकांत आहे तें लिहून घे आणि खालीं बैस," असें मीं त्याला दरडावलें. तो खालीं बसला. त्यानंतर माझ्या तासाला त्यानें पुन्हां कधीं प्रश्न विचारला नाहीं. पुढें निवृत्त झाल्यावर वाचनाला सवड मिळाली, तेव्हां मला कळून आलें कीं, त्या पोराचा पहिला प्रश्न हाच या साऱ्या शास्त्राचा मुख्य प्रश्न होता, आणि मीं काढलेली शिडीच मुळांत चुकीची होती.

आतां हे कृमि कसे असतात तें पाहूं. गांडुळाच्या अंगांत कातडी आणि आंतडें यांच्यामध्यें द्रवानें भरलेली एक पोकळी असते. तिला देहगुहा म्हणतात. चपट्या कृमींत ती नाहीं. आंतड्याभोंवतींचा सगळा भाग पेशींनीं ठासून भरलेला असतो. रक्त नाहीं, हृदय नाहीं, श्वासाचें स्वतंत्र इंद्रिय नाहीं. बहुतेकांना तोंड आहे, पण गुदद्वार नाहीं. ज्या दारानें अन्न आंत जातें त्याच दारानें गाळ बाहेर पडतो. त्यांचें चपटेपणहि यांतूनच आलेलें आहे. रक्त नसल्यामुळें प्राणवायु कातडींतून झिरपत झिरपत प्रत्येक पेशीपर्यंत पोंचावा लागतो, आणि अंग जाड झालें तर तो पोंचणार नाहीं. मात्र एवढ्या गरिबींतहि पुढें डोकें आहे, डोक्यांत मेंदूची गांठ आहे, उजवी आणि डावी बाजू आहे. अशा कृमींच्या सुमारें २०,००० जाती आज ठाऊक आहेत. त्यांतले कांहीं डबक्यांत, समुद्रांत किंवा ओलसर मातींत मोकळेपणें राहतात. प्लॅनेरिया म्हणतात तो यांतलाच, आणि आमच्या बरणींतला पाहुणाहि यांतलाच. दुसरे पर्णकृमि: पानाच्या आकाराचे, मेंढरांच्या यकृतांत व इतर प्राण्यांच्या शरीरांत वस्ती करणारे. तिसरे पट्टकृमि: फितीसारखे लांबच लांब, आंतड्यांत राहणारे, ज्यांना स्वतःचें तोंड नाहीं आणि आंतडेंहि नाहीं.

स्वीडनचा थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस यानें १७५८ सालीं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत प्राण्यांचे सहा वर्ग केले. चार वर्ग कणा असलेल्यांचे, पांचवा कीटकांचा, आणि जें जें उरलें तें सर्व सहाव्या, 'व्हर्मीस' म्हणजे कृमि या वर्गांत. आपल्या घरांत जशी एखादी अडगळीची खोली असते, तशी ही सृष्टीची अडगळीची खोली होती. गांडूळ, जळू, गोगलगाय, शिंपला, तारामासा, पोंवळें हे सारे एकाच खोलींत. आणि गंमत अशी कीं, त्या खोलींतहि चपट्या कृमींना एकत्र जागा मिळाली नाहीं. यकृतांतला पर्णकृमि पोटांतल्या कृमींच्या कप्प्यांत गेला, तर पट्टकृमीची रवानगी पोंवळ्यांच्या शेजारीं वनस्पतिसदृश प्राण्यांत झाली. पट्टकृमीचे एकामागून एक जोडलेले तुकडे पाहून तो एक प्राणी नसून प्राण्यांची माळ असावी, असें त्या काळीं पुष्कळांना वाटे.

ही खोली प्रथम झाडावयास घेतली ती लामार्क या फ्रेंच पंडितानें. १७९३ सालीं, क्रांतीच्या धामधुमींत, पॅरिसमध्यें निसर्गेतिहासाचें राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झालें आणि कीटक व कृमि शिकविण्याची जागा त्याला मिळाली. आयुष्य वनस्पतींच्या अभ्यासांत गेलेलें आणि वय पन्नाशीला आलेलें. ही जागा मानाची मानली जात नव्हती. परंतु त्यानें ती मनापासून पत्करली. 'अपृष्ठवंश' ही संज्ञा त्याचीच; १८०१ सालीं या प्राण्यांवरचा त्याचा ग्रंथ निघाला. त्याचा सहकारी क्युव्हिए यानें १८१७ सालच्या ग्रंथांत साऱ्या प्राण्यांच्या चार मोठ्या शाखा पाडल्या. त्यानें गांडूळ व जळू यांना कीटकांच्या शाखेंत घातलें, आणि पोटांतल्या कृमींना तारामासे व जेलीमासे यांच्या शाखेंत. म्हणजे अडगळ दोन खोल्यांत वांटली गेली, पण गोत्र कांहीं ठरलें नाहीं.

ठरणार तरी कसें? पोटांतले कृमि पोटांतच आपोआप उपजतात, असें त्या काळच्या कित्येक मान्यवर पंडितांचें मत होतें. ज्याला आई-बाप नाहींत, त्याला गोत्र तरी कोठून असणार? तेव्हां नातें ठरविण्यापूर्वीं या कृमींचा जन्म कोठें होतो, हें शोधणें भाग होतें. हा शोध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यांत लागला, आणि तो या इतिहासांतला सर्वांत रोमहर्षक भाग आहे.

डुकराच्या मांसांत वाटाण्याएवढ्या पांढुरक्या पुटकुळ्या आढळत. त्यांना पुटिकाकृमि म्हणत आणि त्यांचा एक स्वतंत्र गट मानीत. कुखेनमाइस्टर नांवाच्या एका जर्मन डॉक्टराला संशय आला कीं, हा निराळा प्राणी नसून पट्टकृमीचें बाल्य आहे. त्यानें १८५५ सालीं जो प्रयोग केला तो ऐकून अंगावर कांटा येतो. देहांताची शिक्षा झालेल्या एका कैद्याला, त्याच्या नकळत, त्यानें अन्नांतून या पुटिका चारल्या. शिक्षा अमलांत आल्यावर शवाची तपासणी केली, तों आंतड्याला लहान लहान पट्टकृमि चिकटलेले सांपडले. सिद्धान्त खरा ठरला. परंतु मरणाच्या दारीं उभ्या असलेल्या माणसाला असें वापरणें योग्य काय, हा प्रश्न त्या काळींहि विचारला गेला, आणि आज तर असा प्रयोग कोणी मनांतहि आणणार नाहीं. ज्ञानाच्या वहींत हा शोध जमेस धरतांना त्या निनांवी कैद्याचीहि आठवण ठेवली पाहिजे, असें मला वाटतें.

पर्णकृमीची कथा याहून गुंतागुंतीची. १८४२ सालीं डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यानें दाखवून दिलें कीं, गोगलगायीच्या शरीरांत व भोंवतालच्या पाण्यांत आढळणारे चिमुकले, शेपटीचे जीव आणि दुसऱ्या प्राण्यांच्या शरीरांतले पर्णकृमि या एकाच वंशाच्या निरनिराळ्या पिढ्या आहेत. मुलें आईसारखीं दिसत नाहींत. नातवंडें पुन्हां आजीसारखीं होतात. पुढें १८७९-८० सालीं इंग्लंडांत यकृताच्या रोगानें सुमारें ३० लक्ष मेंढ्या दगावल्या, तेव्हां या प्रश्नाची निकड सर्वांना पटली. ऑक्सफर्डच्या टॉमस यानें आणि लाइपझिगच्या लॉयकार्ट यानें, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, १८८१ ते १८८३ या काळांत यकृतांतल्या पर्णकृमीचें सारें जीवनचक्र उलगडलें. मेंढीच्या लेंडींतून अंडें बाहेर पडतें. पाण्यांत त्यांतून केसाळ अर्भक निघतें. तें एका विशिष्ट लहान गोगलगायीच्या अंगांत शिरतें. तेथें पिढ्या वाढतात. मग शेपटीचे जीव बाहेर पडून पाणथळ गवताला चिकटून बसतात. आणि तें गवत मेंढी खाते. गोगलगायीवांचून हें चक्र पुरें होत नाहीं.

हें सर्व परदेशांत घडलें म्हणून आपला त्याच्याशीं संबंध नाहीं, असें समजूं नये. कोंकणांत रत्नागिरी जिल्ह्यांत गिमवी नांवाचें गांव आहे. तेथील लोकांत लघवीवाटे रक्त जाण्याचा विकार होता, आणि तो शिस्टोसोमा नांवाच्या रक्तांत राहणाऱ्या पर्णकृमीमुळें होतो, असें १९५२ सालीं वैद्यकीय संशोधनांतून पुढें आलें. तेथेंहि या कृमीला आश्रय देणारी गोड्या पाण्यांतली एक इवलीशी गोगलगायच निघाली.

तेव्हां या कृमींना आई-बाप आहेत हें ठरलें. डबक्यांतला प्लॅनेरिया, यकृतांतला पर्णकृमि आणि आंतड्यांतला पट्टकृमि यांची अंतर्रचना एकाच धाटणीची आहे हेंहि दिसून आलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत 'चपटे कृमि' हें स्वतंत्र कुळ नांवारूपाला आलें. याच सुमारास, १८५९ सालीं, डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वर्गीकरणाचा अर्थच पालटला. तोंवर वर्गीकरण म्हणजे कपाटाचे कप्पे. आतां तें झालें वंशवृक्ष. 'हा कोणासारखा दिसतो' हा प्रश्न मागें पडला आणि 'हा कोणापासून झाला' हा प्रश्न पुढें आला.

या प्रश्नावर तीन पक्ष पडले. आपण एक दृष्टान्त घेऊं. एखाद्या घरीं आपण गेलों आणि पाहिलें, तर चार भांडीं आणि एक चटई. यावरून काय अनुमान काढाल? हें घर मूळचेंच गरीब, कीं पूर्वींचें वैभव विकून खाल्लेलें? दारिद्र्य दोन्हीकडे सारखेंच दिसतें. चपट्या कृमीच्या अंगीं देहगुहा नाहीं, रक्त नाहीं, गुदद्वार नाहीं. हें मूळचें दारिद्र्य कीं मागाहून आलेलें?

पहिला पक्ष म्हणे, मूळचें. जर्मनीच्या हेकेल यानें १८७४ सालीं अशी कल्पना मांडली कीं, सर्व प्राण्यांचा आदिपुरुष म्हणजे दोन थरांची एक साधी पिशवी. या विचाराला धरून ग्राफ यानें १८८२ सालीं चपट्या कृमींवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यांतल्या 'असीला' नांवाच्या समुद्री कृमींकडे बोट दाखविलें. यांना तर आंतड्याची पोकळीसुद्धां नाहीं. अन्न थेट पेशींच्या गोळ्यांत जाऊन पचतें. याहून गरीब कोण? तेव्हां दोन बाजू असलेल्या साऱ्या प्राण्यांचें मूळ यांच्यापाशींच असलें पाहिजे. दुसरा पक्ष आर्नोल्ड लांग याचा. नेपल्सच्या उपसागरांतले चपटे कृमि अभ्यासून त्यानें १८८४ सालीं मत दिलें कीं, यांचें नातें टेनोफोर नांवाच्या, कांचेसारख्या पारदर्शक सागरी प्राण्यांशीं आहे. त्याला आधारहि मिळाला होता. १८८० सालीं कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानें तांबड्या समुद्रांत चपटा होऊन तळावर सरपटणारा एक टेनोफोर शोधून काढला होता. तिसरा पक्ष म्हणे, हें घर पूर्वीं संपन्न होतें. चपट्या कृमीचे पूर्वज गांडुळाप्रमाणें देहगुहा बाळगून होते. ती मागाहून गेली.

साक्ष कोणाची काढावी? शरीर तर मुकें. तेव्हां शास्त्रज्ञ अंड्याकडे वळले. फलित अंड्याचे दोन भाग होतात, दोनाचे चार. पुढें चाराचे आठ होतांना कांहीं प्राण्यांत एक विशेष गोष्ट दिसते. वरच्या चार पेशी खालच्या चारांच्या डोक्यावर नेमक्या न बसतां, तिरप्या होऊन दोन पेशींच्या खांचेंत बसतात. अमेरिकेच्या विल्सन यानें १८९८ सालीं दाखवून दिलें कीं, ही तिरपी, मळसूत्रासारखी रीत समुद्रांतल्या वलयी कृमींत आहे, गोगलगायींच्या कुळांत आहे, आणि कांहीं चपट्या कृमींतहि आहे. हा पुरावा मोठा बोलका होता. गोगलगाय आणि गांडूळ यांच्या घरची जन्मविधीची चाल चपट्या कृमीच्या घरीं कशी आली? पुढें १९०८ सालीं व्हिएन्नाच्या ग्रोबेन यानें दोन बाजूंच्या प्राण्यांचे दोन मोठे वंश सांगितले: एकांत गर्भाचें पहिलें द्वार हें तोंड होतें, दुसऱ्यांत तोंड मागाहून निराळें फुटतें. पहिल्यांत गांडूळ, गोगलगाय, कीटक. दुसऱ्यांत तारामासा आणि आपण. चपटा कृमि पहिल्या वंशांत गेला. परंतु त्या वंशांतहि त्याला दाराशींच बसविण्यांत आलें, कारण तो गरीब होता.

त्याला असें दाराशीं बसविण्यांत ज्यांच्या लेखणीचा मोठा वांटा होता, त्या बाईंविषयीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. लिबी हाइमन यांचा जन्म १८८८ सालीं अमेरिकेंत एका गरीब ज्यू कुटुंबांत झाला. शाळा संपल्यावर त्या एका कारखान्यांत ओटच्या डब्यांवर कागद चिकटविण्याचें काम करीत. एके दिवशीं कामावरून परततांना त्यांच्या पूर्वीच्या शिक्षिकेची गांठ पडली. एवढी हुशार मुलगी डब्यांना कागद चिकटविते हें पाहून त्या शिक्षिकेला वाईट वाटलें, आणि तिनें खटपट करून त्यांना शिकागो विद्यापीठांत शिष्यवृत्ति मिळवून दिली. एका शिक्षिकेच्या त्या जागरूकतेनें शास्त्राला केवढी देणगी मिळाली! हाइमनबाईंनीं प्रयोगशाळेच्या उपयोगाचीं पुस्तकें लिहिलीं, त्यांच्या मानधनावर साधेपणानें राहिल्या, आणि न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत पगाराशिवाय बसून १९४० ते १९६७ या काळांत अपृष्ठवंश प्राण्यांवरचे सहा खंड एकटीनें लिहून काढले. चपट्या कृमींचा दुसरा खंड १९५१ सालचा. अखेरचीं वर्षें कंपवातानें पीडित असूनहि काम सोडलें नाहीं. १९६९ सालीं त्या वारल्या. त्यांनीं प्राण्यांची मांडणी देहगुहेवरून केली: प्रथम देहगुहा नसलेले, मग अर्धवट असलेले, मग पूर्ण असलेले. ही मांडणी इतकी सुटसुटीत होती कीं जगभरच्या क्रमिक पुस्तकांनीं ती उचलली. बाईंच्या ग्रंथांत ती पुराव्यांसह आणि मतभेदांसह होती. शाळेच्या पुस्तकापर्यंत येतां येतां तिची शिडी झाली. आणि ती शिडी मीं फळ्यावर काढली.

आतां शेवटचा भाग. विसाव्या शतकाच्या अखेरीस एक नवा साक्षीदार उभा राहिला, तो म्हणजे पेशींतलें जनुक. पिढ्यानुपिढ्या जनुकांत बारीक बदल होत जातात. दोन प्राण्यांचीं जनुकें ताडून पाहिलीं तर नात्याचा अंदाज येतो. १९८८ सालीं इंडियाना विद्यापीठांतील संशोधकांनीं अशी पहिली मोठी पाहणी केली. तींत चपटा कृमि खालच्या पायरीवरच दिसला आणि शिडीवाल्यांना समाधान वाटलें. पण या साक्षीदाराचीहि एक खोड लवकरच उघड झाली. ज्याचीं जनुकें भराभर बदलतात, तो प्राणी आहे त्यापेक्षां अधिक परका दिसतो. परमुलखीं जाऊन भाषा आणि वेष बदललेला चुलतभाऊ जसा सख्ख्या घरांत ओळखूं येत नाहीं, तसाच हा प्रकार. १९९९ सालीं बार्सिलोनाच्या संशोधकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह सावकाश बदलणाऱ्या जाती निवडून पुन्हां ताडून पाहिलें. निकाल असा लागला कीं, ग्राफचे ते असीला कृमि चपट्या कृमींच्या कुळांतलेच नव्हेत! ते खरोखर फार प्राचीन फांटा आहेत. आणि प्लॅनेरिया, पर्णकृमि, पट्टकृमि हे खरे चपटे कृमि तेथून दूर, गांडूळ व गोगलगाय यांच्या समूहांत जाऊन बसले. विल्सननें अंड्यांत पाहिलेली तिरपी खूण शंभर वर्षांनीं खरी ठरली. सारखें दारिद्र्य पाहून आपण ज्यांना एका घरचे समजत होतों, ते निराळ्या गोत्रांचे निघाले.

नव्या साक्षीदारावरहि डोळे मिटून विश्वास ठेवूं नये, हें शिकविणारी एक गोष्ट सांगतों. १९१५ सालीं स्वीडनच्या किनाऱ्यावर समुद्राच्या तळच्या गाळांतून एक लिबलिबीत कृमि काढण्यांत आला. १९४९ सालीं त्याचें वर्णन होऊन 'झेनोटरबेला' असें नांव पडलें. हा चपट्या कृमींचाच भाऊबंद, असें मानण्यांत आलें. १९९७ सालीं त्याचें जनुक तपासलें, तों तो निघाला शिंपल्यांच्या कुळांतला! मोठें आश्चर्य झालें. पण २००३ सालीं उलगडा झाला कीं, हा प्राणी शिंपल्यांचीं अंडीं खातो, आणि तपासलें गेलें होतें तें त्यानें खाल्लेल्या अन्नाचें जनुक. म्हणजे जेवणावरून जात ठरविल्यासारखें झालें. आज झेनोटरबेला आणि असीला यांना एकत्र ठेवतात. परंतु २०११ आणि २०१९ च्या अभ्यासांत ते तारामाशांच्या वंशाजवळ येतात, तर २०१६ च्या अभ्यासांत साऱ्या दोन बाजूंच्या प्राण्यांच्या मुळाशीं. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

खऱ्या चपट्या कृमींचें मात्र बरेंचसें ठरलें आहे. ते गांडूळ व गोगलगाय यांच्या महावंशांतले. त्यांचें गुदद्वार पूर्वजांना होतें आणि मागाहून गेलें, असें पुष्कळ संशोधक मानतात. देहगुहा मात्र त्यांच्या पूर्वजांत होती कीं नव्हती यावर अजून दोन मतें आहेत. म्हणजे त्या घरचें दारिद्र्य थोडें मूळचें आणि थोडें मागाहूनचें असण्याचा संभव आहे. पर्णकृमि व पट्टकृमि हे मोकळ्या कृमींपासून झालेले, एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. परपोशीपणा पत्करल्यावर पट्टकृमीनें आंतडेंहि टाकून दिलें. त्याच्याभोंवतीं पचलेलें अन्न आयतेंच वाहत असतें. आंतड्याचा त्याला उपयोग काय?

कोणी विचारील, हें गोत्र ठाऊक होऊन फायदा काय? फायदा आहे. प्लॅनेरियाचे तुकडे केले तर तुकड्या-तुकड्यांतून नवा प्राणी उभा राहतो, कारण त्याच्या अंगांत कोणताहि अवयव घडवूं शकणाऱ्या मूळपेशी असतात. हा निरुपद्रवी प्लॅनेरिया आणि रोगकारक शिस्टोसोमा एकाच कुळांतले, हें ठाऊक असल्यामुळेंच संशोधकांनीं शिस्टोसोमांतहि तशा पेशी शोधल्या, आणि २०१३ सालीं त्या सांपडल्या. माणसाच्या रक्तांत हा कृमि वर्षानुवर्षें कसा तग धरतो, हें समजण्याची एक वाट त्यांतून खुली झाली.

आतां माझा हिशेब. माझ्या त्या विद्यार्थ्याचें वय आज पन्नाशीच्या आसपास असेल. तो कोठें आहे, काय करतो, मला ठाऊक नाहीं. परंतु तो कदाचित् हें भाषण ऐकत असेल, किंवा उद्यां मासिकांत वाचील, म्हणून त्याला सांगतों: बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. तो कृमि खालीं राहिला नव्हता, कारण तेथें शिडीच नव्हती. तेथें होता तो फांद्या फुटलेला वृक्ष, आणि त्याच्या एका फांदीच्या टोकाला, तुझ्या-माझ्याइतकाच आजचा, तो बरणींतला जीव होता. तो ज्या गांडुळाला खात होता, तें त्याच्यापेक्षां वरचें नव्हतें. त्याच्याच महावंशांतलें एक दूरचें भावंड होतें. हें त्या दिवशीं मला ठाऊक नव्हतें, यांत मोठासा दोष नाहीं. तेव्हां तें शास्त्रालाहि पुरतें ठाऊक नव्हतें. दोष असा कीं, "मला ठाऊक नाहीं, आपण शोधूं" एवढें म्हणण्याऐवजीं मीं तुला खालीं बसविलें. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागतों.

आणि इतर श्रोत्यांना एवढीच विनंति कीं, येत्या पावसाळ्यांत कुंडी हलवितांना तिच्याखालीं असा फावड्यासारख्या डोक्याचा जीव दिसला, आणि घरांतल्या मुलानें "हा कोण?" म्हणून विचारलें, तर त्याला क्षणभर थांबून पाहूं द्या.